रविवारची सुटी कुठून आली, हे परळच्या मुलांना कळू द्या

परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथल्या प्राथमिक शाळांत पाडव्याच्या आसपास दरवर्षी एक पोकळी तयार होते. धडे संपलेले असतात, उजळणीला मुले कंटाळलेली असतात आणि सुटीला अजून अवकाश असतो. ही पोकळी सरकारलाही दिसली. परीक्षा लवकर आटोपल्या की मुले शाळेकडे फिरकत नाहीत, म्हणून २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेणारे वेळापत्रक राज्यभर लागू झाले. दुखणे बरोबर ओळखले, औषध मात्र चुकले. मुलांना शाळेत टिकवायचे तर पेपर हवाच, असे धरून चालणे ही आपली जुनी खोड आहे. माझे म्हणणे असे की, निदान गिरणगाव आणि गिरगावातल्या शाळांनी चैत्राचे हे दिवस आपल्या वस्तीचा इतिहास वस्तीत फिरून शिकण्यासाठी राखून ठेवावेत. या भागाच्या इतिहासातल्या मोठ्या तारखा नेमक्या याच दिवसांत येतात, आणि त्यांच्याशी जोडलेल्या कितीतरी जागा शाळेच्या फाटकापासून पायी गाठता येतात.

१४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. त्याच तारखेला १९४४ साली व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, आणि ती काढणाऱ्या कंपनीच्या संचालकांत गिरगावचे नाना शंकरशेट होते. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी निकालही याच दिवशी हातात घेतला. पण गिरणगावातल्या मुलाला मी सर्वांत आधी सांगेन ती तारीख २४ एप्रिल १८९०. गिरण्यांत तेव्हा आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली होती. त्या दिवशी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. नऊ वर्षांच्या मुलाला रविवार हा पावसाळ्यासारखा आपोआप येणारा वाटतो. तो कुणीतरी मागितला, कुणीतरी नाकारला, सहा वर्षे झगडून मिळवला, हे कळले की प्रश्न सुरू होतात. सोमवार का नाही, रविवारच का? खंडोबाचा वार म्हणून, असे लोखंड्यांचे म्हणणे सांगितले जाते. मग मालक का तयार नव्हते? त्या दोघी काय बोलल्या असतील? इतिहास हा विषय इथे सुरू होतो, आणि त्यासाठी पाठांतराची एक ओळही लागत नाही.

वस्तीत फिरण्याचा खरा फायदा कार्यकारणभाव कळण्यात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावरची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ती हाफकिन संस्था आजही तिथे आहे. दाट, कोंदट वस्त्यांमुळे प्लेग पसरतो या समजातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. त्यातल्याच परळच्या एका चाळीत बाबासाहेबांनी सुमारे २२ वर्षे काढली आणि नंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त राहायला गेले, ती कॉलनीही ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली. एका उंदराच्या पिसवेपासून राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या घरापर्यंतचा हा धागा चौथीतल्या मुलाला परळमध्ये चालत चालत हाती लागतो. पुस्तकात तो चार वेगवेगळ्या इयत्तांत विखुरलेला राहतो. गणितही यातून बाहेर राहत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. शाळेच्या पटांगणात खडूने दहा बाय सोळाचा आयत आखावा, त्यात चूल, मोरी आणि बाजेची जागा मोजून काढावी आणि मग दहा मुलांनी त्यात आडवे होऊन पाहावे. पाळीवरून आलेला माणूस कुठे झोपत असेल, हे मुले शिक्षकांच्या आधी सांगतील. आणि हा वसंत आहे, तेव्हा झाडे विसरून चालणार नाही. चिंचपोकळीच्या नावात चिंच आहे, वडाळ्याच्या नावात वड. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. पिंपळाची तांबूस, काचेसारखी पालवी याच दिवसांत पाहावी, आणि नावातले कोणते झाड अजून उभे आहे, कोणते फक्त पाटीवर उरले आहे, याची यादी मुलांनी स्वतः करावी.

ही पद्धत खेड्यातल्या शाळेला शोभते, शहराला नाही, असे कुणी म्हणेल. पण तिचा एक मोठा प्रवास दादरहूनच सुरू झाला आहे. ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा कुरणात न्यावी, आणि कुरणात जे आहे तेच शिकण्याचे साहित्य. गिरणगावचे कुरण म्हणजे चाळीचा सज्जा आणि नाका, एवढाच फरक. सरकारी चौकटीतही याला जागा आहे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघाले आणि २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ही आला. कमी आहे ती शनिवारला विषय देण्याची.

आक्षेप खरे आहेत आणि ते टाळू नयेत. एप्रिलचा उकाडा लहान मुलांना सोसत नाही. म्हणून फेरी सकाळी साडेसातला निघून नऊच्या आत परतावी, आणि अंतर एका किलोमीटरच्या आतले असावे. सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा आहे. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी आणखी एक उपक्रम ओढायचा का? नाही. फेरी, मुलाखत आणि वही यांनाच परिसर अभ्यासाचे मूल्यमापन माना आणि तेवढा पेपर रद्द करा. काम वाढणार नाही, बदलेल. तिसरा आक्षेप असा की, आज या शाळांतली बरीच मुले उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांची आहेत, त्यांना गिरणगावचा इतिहास परका वाटेल. पण गिरणगाव उभारलेच आलेल्यांनी. रत्नागिरी आणि साताऱ्याचे लोक आले, तेलुगू पद्मशाली आले, मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मुस्लिम विणकर आले. आपण कुठून आलो आणि का, हा प्रश्न त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आहे. गतकाळाचे गोडवे गाण्याची भीती मला जास्त वाटते. ती टाळायची तर कापसाच्या धुळीने पोखरलेली फुप्फुसे, खाणावळ चालवून घर तगवणाऱ्या बायका आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातली रिकामी चूल, हे सगळे त्याच वहीत आले पाहिजे. मुलांना ते झेपते. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात ते आधीपासून आहे.

घाई करण्याचे कारण वेगळे आहे. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि ते उत्तमच झाले. पण १६० चौरस फुटांची खोली मोजायला मूळ खोली लवकरच उरणार नाही. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. आणि संपाच्या वर्षी २५ वर्षांचा असलेला साचेखात्यातला बदली कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. कोणत्या गिरणीचा भोंगा कसा वाजायचा, पगार किती होता, शेवटच्या दिवशी फाटकावर काय झाले, हे त्याला विचारायला या चैत्रात तिसरीचा वर्ग पाठवता येईल.