घरबसल्या शिक्षण : पण घर कोणाचं?



‘घरबसल्या पदवी घ्या’ ही जाहिरात वाचून गेल्या वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी एका विद्यापीठाच्या ऑनलाईन एम.ए.चं माहितीपत्रक मिळवलं. फीच्या खाली एक चौकट होती. विद्यार्थ्याकडे काय हवं? संगणक किंवा लॅपटॉप, कॅमेरा, मायक्रोफोन, अखंड इंटरनेट. आणि परीक्षेच्या वेळी खोलीचं दार बंद, आत दुसरं कोणी नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दुसरीत स्वयंपाक आणि बाकी सगळा संसार. लॅपटॉप मुलाचा, त्याचं काम संपलं की माझी पाळी. तरी प्रवेश घेतला. दुसऱ्या पेपरला सासूबाईंनी हाक मारली. मी उठले, चार मिनिटांत परतले. पडद्यावर सूचना : परीक्षा रद्द. दाद मागितली, तर उत्तर आलं, नियम सर्वांना सारखे आहेत.

नियम सारखे असतील, घरं सारखी आहेत का? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी चार-पाच घरांतच संगणक होता, शहरांत तेवीस घरांत. आणि घरात असणं म्हणजे बाईच्या हातात असणं नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका होत्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले हे खरं. पण फोनच्या बोटभर पडद्यावर एकदा दहा पानांचं उत्तर लिहून बघा!

वेळेचं काय? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती. आणि जे पुरुष घरकामाला हात लावत होते, त्यांची ९७. म्हणजे त्या चौकटीत न लिहिलेल्या अटी दोन : स्वतःची खोली आणि स्वतःचा वेळ. त्या बाजारात मिळत नाहीत.

काही मैत्रिणी म्हणतात, ‘जिला घराबाहेर पडू देत नाहीत, तिला हे वरदानच की!’ मला हे पटत नाही. ज्या घरानं तिला अडवलं, त्याच घराच्या ताब्यात तिचं शिक्षण द्यायचं? १८४८ पासून पुण्यात सावित्रीबाई शेणगोळे झेलत शाळेत गेल्या, त्या मुलींना उंबऱ्याबाहेरचं शिक्षण मिळावं म्हणून. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा अभ्यासकेंद्राच्या निमित्तानं कितीतरी जणी घराबाहेर पडल्या. तिथे पुस्तकापेक्षाही मोठं काही मिळालं : मैत्रिणी.

हा प्रश्न एकट्या माझा नाही. २०२१ च्या नियमांनुसार साध्या कॉलेजातल्या विद्यार्थिनीलाही सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून ऑनलाईन घेता येतात. उद्या कॉलेजनं शिक्षक नेमायचं टाळून हीच वाट दाखवली तर? केरळात वसतिगृहानं मुलींच्या फोनवर संध्याकाळी ६ ते १० बंदी घातली. ती नाकारणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल तिथे २०१९ साली लागला. हक्क आहे, तर त्याची सोय करणं हे कोणाचं काम? नवऱ्याचं की विद्यापीठाचं?

म्हणून आपण मागायला हवं :

प्रत्येक तालुक्यात अभ्यासकेंद्र हवं, तिथे दुपारी-संध्याकाळी उघडी संगणकखोली आणि शेजारी पाळणाघर.

ग्रंथालयातून पुस्तक मिळतं तसा लॅपटॉप मिळावा, तोही बाईच्या स्वतःच्या नावावर.

धडे एकदा उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता यावेत, मराठीतही असावेत.

परीक्षा केंद्रावर देण्याची मुभा असावी. घरूनच दिली, तर आजाऱ्याच्या हाकेला ओ देणारीला गुन्हेगार ठरवू नये.

आणि एक काम आपलंही. आपल्या संघटनांच्या कार्यालयांत संगणक आहेत, दाराला कडी आहे. आठवड्यातून दोन दुपारी ती खोली शिकणाऱ्या बाईला देऊ या. येत्या परीक्षेला मी तिथूनच बसणार आहे. सासूबाईंजवळ त्या दिवशी मुलगा थांबेल. तसं त्याला सांगितलं आहे.