जपानची आगगाडी आणि शेजारधर्म

जपानविषयी बोलणे निघाले की तेथील आगगाडीच्या वेगाची व वक्तशीरपणाची वाखाणणी हटकून होते. ती यथार्थच आहे. परंतु गाडी वेळेवर धावते याचे सारे श्रेय लोक यंत्रास देतात, तेथे आमचा मतभेद आहे. आमच्या मते त्या वक्तशीरपणाचा निम्मा भार तेथील उतारू वाहतात. म्हणून शिक्षणाकरिता अथवा प्रवासाकरिता जपानात जाऊ इच्छिणाऱ्याने तिकिटाच्या दराबरोबर उतारूंच्या रीतीचाही अभ्यास करावा.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ साली धावली; जपानात शिंबाशी ते योकोहामा हा मार्ग १८७२ साली सुरू झाला. म्हणजे आगगाडी आपल्याकडे १९ वर्षे आधी आली. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका ही शिंकान्सेन सुरू झाली. प्रारंभी या प्रवासास चार तास लागत; आता सर्वांत जलद गाडी सुमारे अडीच तासांत पोहोचविते. इतक्या वर्षांत शिंकान्सेन घसरून वा दुसऱ्या गाडीवर आदळून आतील एकही उतारू मृत्युमुखी पडलेला नाही.

आता व्यवहाराकडे वळू. परदेशी पाहुण्यांकरिता 'जपान रेल पास' मिळतो. सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० येन झाली. टोकियोहून क्योटोस जाऊन परत येण्यास मात्र सुमारे २८,००० येन पुरतात. तेव्हा ज्यास ही दोनच नगरे पाहावयाची आहेत, त्याने लोकांच्या सांगण्यावरून पास घेऊ नये. आधी बेरीज करून पाहावी. शाळेतले व्यवहारी गणित अशाच वेळी उपयोगी पडते.

शहरातल्या प्रवासास सुइका किंवा इकोका यांसारखे कार्ड घ्यावे. ते आत जाताना व बाहेर पडताना फाटकावर टेकविले की भाडे आपोआप वळते होते. कागदी तिकीट कमी पैशांचे निघाले तरी घाबरू नये. बाहेर पडण्यापूर्वी तेथील यंत्रात फरकाची रक्कम भरता येते, दंड होत नाही. १९८७ साली सरकारी रेल्वेचे सहा प्रवासी कंपन्यांत व एका मालवाहू कंपनीत विभाजन झाले, शिवाय खाजगी रेल्वे कंपन्याही पुष्कळ आहेत. सबब मार्ग कोणत्या कंपनीचा हे पाहूनच तिकीट काढावे. मध्यरात्रीच्या सुमारास शहरातील गाड्या थांबतात, त्या पहाटे पाचच्या आसपास पुन्हा सुरू होतात. रात्री रेंगाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सामान थोडे न्यावे. लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून मोठी पेटी असल्यास टोकियो-ओसाका मार्गावर तिच्या जागेसह आसन आधी राखून ठेवावे लागते. त्यापेक्षा जड पेटी सामान पोहोचविणाऱ्या कंपनीच्या स्वाधीन करावी. ती बहुधा दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचते. टोकियोहून निघताना उजव्या बाजूची खिडकी मागावी. आकाश निरभ्र असल्यास फुजी पर्वताचे दर्शन घडते.

याहून महत्त्वाची गोष्ट वर्तनाची. फलाटावर दार कोठे येणार याच्या खुणा असतात. तेथे रांग लावावी आणि उतरणारे उतरेपर्यंत बाजूस उभे राहावे. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. दूरध्वनी मुका ठेवावा. लांबच्या गाडीत डबा खुशाल खावा, गर्दीच्या शहरी गाडीत खाऊ नये, आणि केर आपल्याबरोबर न्यावा. हे केवळ शिष्टाचार नव्हेत. दारात अडून राहिलेला एक मनुष्य मागल्या हजारोंचे क्षण खातो. जो बाजूस सरतो तो न पाहिलेल्या शेजाऱ्यावर उपकार करतो. वक्तशीरपणा हा आमच्या मते शेजारधर्माचाच एक प्रकार आहे.

हा धर्म दोन्ही बाजूंचा असावा. गाडीस उशीर झाल्यास कंपनी उतारूंस तसा दाखला देते, आणि मुले तो शाळेत दाखवितात. उशीर मुलाच्या माथी मारला जात नाही, ही रीत आम्हां शिक्षकांसही विचार करावयास लावणारी आहे. परंतु त्याच देशात २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे काय झाले तेही विसरू नये. जेमतेम दीड मिनिटाचा उशीर झालेली गाडी वळणावर मर्यादेहून फार वेगाने गेली, घसरली व एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे दगावली. उशीर करणाऱ्या चालकांस अपमानास्पद शिक्षा देण्याच्या कंपनीच्या पद्धतीवर पुढे कठोर टीका झाली. शेजाऱ्यासाठी पाळलेली वेळ पूज्य होय; शिक्षेच्या भयाने गाठलेली वेळ प्राणघातक ठरू शकते.

मुंबई-अहमदाबाद मार्गावर शिंकान्सेनच्याच पद्धतीची गाडी आणण्याच्या कामाची पायाभरणी २०१७ साली झाली. रूळ, डबे व यंत्रे पैसे देऊन आणता येतील; दारापाशी क्षणभर थांबण्याची वृत्ती कोणताही देश आपणांस विकणार नाही. ती आपल्याच स्टेशनावर कमवावी लागेल. विद्यार्थिमित्रहो, जपानास जाणे सर्वांच्या नशिबी नसेल. परंतु उद्या सकाळी लोकलच्या अथवा एस.टी.च्या दारापाशी उतरणाऱ्यांस आधी वाट देणे प्रत्येकाच्या हाती आहे. पालकहो, आपण तसे केलेत तर मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.