जो मागे, तो पुढे

रविवार आला की आमच्या बेळगावच्या घरात एक प्रश्न कधीच पडायचा नाही. आज कोण येणार? ह्यांचे मित्र! चौघंजण, त्यातले दोघं मराठी, दोघं कन्नड. गप्पा मराठीत सुरू झाल्या तरी हशा कन्नडमध्येच व्हायचा. माणसं जिवाला जीव देणारी. महिन्यातून दोनदा ही मंडळी पाठीला सॅक लावून डोंगरात जायची. मी मात्र शेंगाचटणी आणि भाकऱ्या बांधून देण्यापुरती. ‘तुला नाही जमायचं’ हे इतक्यांदा ऐकलं होतं, की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

लग्नाच्या चौथ्या वर्षी मी हट्टच धरला. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. लेकाला म्हणाल्या, “आकीन कर्कोंड होगो!” आईनंच ‘घेऊन जा तिला’ म्हटल्यावर ह्यांचं काय चालणार?

पहिली स्वारी महिपाळगडावर. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीला पोचलं की आपण महाराष्ट्रात शिरतो. पुढे देवरवाडीला वैजनाथाचं देऊळ आणि वर गड. गडावर गावच वसलेलं आहे. वर गाडीरस्ता जातो, पण आम्ही देवळापासून पायवाटेनं निघालो.

मंडळी गप्पांच्या नादात झपाझप पुढे गेली. माझी सॅक चुकीची भरलेली. स्टीलचे डबे तळाशी, त्यामुळे ओझं मागे खेचत होतं आणि खांदे तुटत होते. दोन-तीनदा हाक मारली, “री, स्वल्प निल्री!” कुणी थांबलं नाही. पुढे वाट फुटली, मी डावीकडे वळले, आणि ती वाट झुडपात जाऊन संपली. मोबाईलला रेंज नाही. एका दगडावर बसून राहिले. अर्धा तास असेल, पण तो अर्धा तास मी अजून विसरलेले नाही.

हे धावत खाली आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. आल्या आल्या ओरडले, “मागे का राहिलीस?”

मी म्हटलं, “मी मागे नाही राहिले. तुम्ही मला मागे सोडलंत.”

यावर हे काहीच बोलले नाहीत. गडावर पोचेपर्यंत दोघंही गप्प. मला वाटलं, आपलं डोंगर चढणं आता संपलं.

पण पुढच्या रविवारी मित्रांपैकी सर्वांत वडीलधारे चहा घेता घेता म्हणाले, “चूक आमची, वहिनी. ज्याची चाल हळू, त्यानं पुढे चालायचं. बाकीच्यांनी त्याच्या चालीनं. सर्वांत शेवटी माहितगार माणूस. आणि वाट फुटली की सगळे दिसेपर्यंत हलायचं नाही.” जुने डोंगरवाले हे पाळतातच. आमच्या मंडळींना हा नियम ठाऊक होता, पण मित्रामित्रांत कधी गरजच पडली नव्हती.

त्यानंतर आम्ही दोघंच येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. सॅक ह्यांनी शिकवून भरून घेतली. हलकं अंथरूण तळाशी, जड वस्तू मध्यभागी पाठीला लागून, पाणी आणि टोपी हाताशी. कमरेचा पट्टा घट्ट बांधला की ओझं खांद्यांवरून कमरेवर येतं. माणशी दोन लिटर पाणी आणि शिदोरीला कडक भाकरी. ती न विटता दोन दिवस सहज टिकते. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे अत्तींना सांगून निघालो.

मी पुढे, हे मागे. अर्ध्या चढणीवर ह्यांचा आवाज आला, “कारखान्यात तीन महिने ओव्हरटाईम बंद आहे.” मी थांबले. तीन महिने! घरात टीव्ही, पाहुणे, मित्र, यातून ही गोष्ट बाहेरच आली नव्हती. समोर बसून, डोळ्याला डोळा देऊन, त्यांना ती सांगता येत नव्हती. चालता चालता सांगता आली. आम्ही तिथेच बसून घरखर्चाचा हिशेब केला. उत्तर फारसं गोड नव्हतं, पण गड उतरताना दोघांच्याही पाठीवरचं ओझं हलकं वाटलं.

आता एक रविवार मित्रांचा, एक आमचा. मित्रांच्या रविवारी त्यांच्या बायकाही येतात, आणि कांदा चिरायला पुरुषमंडळी बसतात. भीमगडाच्या बाजूला जायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढतो, कारण २०११ पासून ते अभयारण्य आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या काठावर कुणालाच जाऊ देत नाही, मग फोटो राहिला तरी चालेल.

मैत्रिणींनो, ‘तुला नाही जमायचं’ असं कुणी म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा, “चाल कुणाची धरणार?” आणि भावांनो, तुम्ही कितीही वेगानं चढलात, तरी वर पोचल्यावर वाट बघावी लागतेच. मग सोबतच का चढू नये?