साडेचारशे वर्षांचे गणित

दर साल १९ डिसेंबर आला की गोमंतकातील व्यासपीठांवरून ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ हे शब्द हमखास कानी पडतात. पाहुण्या वक्त्यांपासून गावच्या पुढाऱ्यांपर्यंत सर्वांच्या जिभेवर ते असे रुळले आहेत की, हे साडेचारशे वर्षांचे राज्य नेमके कोणत्या भूमीवर होते, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेच, तर १९६१ मधून १५१० वजा करून त्याचे समाधान केले जाते.

वजाबाकी बरोबर आहे. पण ती तिसवाडीची आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून जिंकून घेतले ते गोवा शहर आणि त्याच्या भोवतालची बेटे. बारदेश व सासष्टी पोर्तुगीजांकडे गेली १५४३ मध्ये. या तीन महालांपलीकडे मात्र पुढची सव्वादोनशे वर्षे त्यांना कायमचे पाऊल रोवता आले नाही. सोंदेकरांच्या ताब्यातील फोंडा त्यांच्या हाती लागला तो १७६३ मध्ये, हैदरअलीने सोंदे राज्य बुडविले तेव्हा. डिचोली व सत्तरी त्यानंतर गेल्या, आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने. आजच्या गोव्याची सुमारे तीन चतुर्थांश भूमी या नव्या काबिजादींची आहे. फोंड्याच्या वाट्याला परकी अंमल आला १९८ वर्षे, पेडण्याच्या वाट्याला १७३. तोही काही थोडा नव्हे!

हा आकड्यांचा निव्वळ काथ्याकूट आहे, असे कोणी म्हणू नये. फोंडा महालात एवढी देवळे दाटीवाटीने का, या प्रश्नाचे उत्तर याच सनावळीत दडलेले आहे. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा; ही सारी तत्कालीन सासष्टीतील गावे. सोळाव्या शतकात तेथील देवळे पाडली जाऊ लागली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले, आणि महाजनांनी आपले देव उचलून अंत्रुजात नेले. सारा गोवा तेव्हाच पोर्तुगीजांचा झाला होता असे मानले, तर हे देव गेले तरी कोठे? बरे, त्या काळी अंत्रुजावर अंमल होता विजापूरच्या आदिलशहाचा. सासष्टीतून निघालेल्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. इतिहास म्हणजे दोन धर्मांची सरळ झुंज, एवढेच ज्यांना सांगावयाचे असते, त्यांची ही गोष्ट पंचाईत करते. म्हणूनच बहुधा ती फारशी सांगितली जात नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, तोही डिचोली महाल पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता म्हणूनच शक्य झाला.

या दंतकथेस एक जोडकथाही आहे. नव्या काबिजादीतले तेवढे बाणेदार आणि जुन्यांतल्यांनी मुकाट मान तुकविली, असे आपल्यांतीलच काही मंडळी खाजगीत बोलतात. कुंकळ्ळी सासष्टीतलीच, तेथील गावकऱ्यांनी १५८३ मध्ये शस्त्र उचलले, आणि बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांच्या नायकांची कत्तल झाली. सत्तरीत दीपाजी राणे उठले ते १८५२ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी.

मोठा आकडा वक्त्यांना आवडतो. दास्य जितके लांब तितकी मुक्ती थोर, असा त्यामागचा हिशेब असावा. परंतु हाच आकडा सालाझारशाहीलाही प्रिय होता. १९५१ मध्ये वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ असे नामांतर करून गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे ती जगास सांगू लागली, तेव्हा तिचा मोठा आधार चार शतकांच्या अखंड नात्याचा होता. ज्या भूमीच्या तीन हिश्श्यांवर तिची दोन शतकेही पुरी भरली नव्हती, त्या भूमीच्या नावाने केलेला हा दावा आपण मुक्तिदिनी आपल्याच ध्वनिक्षेपकावरून का मान्य करावा?

शाळेच्या इतिहासात गोव्याचा एक नकाशा असावा आणि त्यावर प्रत्येक महालाखाली तो केव्हा गेला त्याचे साल छापावे. पेडण्याच्या मुलास आपल्या पणजोबांचे पूर्वज सावंतवाडीची प्रजा होते हे कळण्यास तेवढे पुरे आहे.