भिंत पाडण्याआधी

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये माझ्या एका सहकारी बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांच्या शेजारचा वन बीएचके विकायला निघाला आहे. "बाजी, मधली भिंत काढली की केवढा मोठा हॉल होईल बघा. घेऊ का?" मला पटकन 'घ्या' म्हणता आलं नाही. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलं आहे. त्यांना जे सांगितलं तेच आज इथे लिहिते, कारण आपल्या वस्त्यांत भाऊ-भाऊ शेजारी घर घेतात आणि हा प्रश्न अनेक घरांत येतो.

मीरा रोडला नया नगरमध्ये ३०१ नंबरचं घर माझ्या सासऱ्यांनी घेतलेलं. त्यांच्या इंतकालानंतर दोन वर्षांनी ३०२ मधलं कुटुंब आखातात गेलं आणि माझ्या धाकट्या दिरांनी कर्ज काढून ते घर घेतलं. आम्हालाच ते हवं आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे बाजारभावापेक्षा थोडे जास्तच मोजावे लागले. सासूबाई खूश होत्या. दोन्ही मुलगे डोळ्यांसमोर! पंधरा दिवसांत भिंत गेली.

दोन्ही घरांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटसुलट. हॉलला हॉल लागून, स्वयंपाकघरं दोन टोकांना. दोन चुली नकोत म्हणून ३०२ चं स्वयंपाकघर ठेवलं आणि आमच्या ३०१ चा ओटा तोडून तिथे सासूबाईंची खोली केली. ईदला वीस फुटी हॉलचं सगळ्यांनी कौतुक केलं. रोजचं जगणं मात्र वेगळं निघालं. सासूबाईंची खोली एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. पुरुष पाहुणे बसले असले की त्यांच्यासमोरून हॉल ओलांडल्याशिवाय पाण्याचा ग्लास मिळेना. शेवटी मधोमध पडदा लावला, म्हणजे पाडलेली भिंत कापडाची करून परत आणली! चालायला तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा मोकळी ठेवावी लागे. साठ चौरस फूट नुसता रस्ता. तुमच्या भागातल्या दराने गुणून पाहा, तो रस्ता केवढ्याला पडतो ते कळेल. आज करायचं असतं तर मी अख्खी भिंत काढू दिली नसती. स्वयंपाकघराच्या बाजूला एक दार पाडलं असतं, आणि दोन्ही ओटे राहू दिले असते.

भिंतीला हात लावण्याआधी ती कसली आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायला हवं, ठेकेदाराने नव्हे. आरसीसी इमारतीत वजन खांब आणि बीम पेलतात. मधली विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. पण कधी तिच्या आत खांब लपलेला असतो. जुन्या, भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत तर तीच भिंत वरचे मजले पेलत असते. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरला एक इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या फेरफारात इमारतीचा आधारच काढल्याचा आरोप झाला होता. आपल्या हॉलच्या हौसेत वरच्या मजल्यावरच्यांचा जीव असतो. सोसायटीची लेखी संमती आणि आर्किटेक्टमार्फत महापालिकेची मंजुरी, दोन्ही कागद हवेत. आमच्याकडे सोसायटीचं पत्र तेवढं होतं. हो, आणि दोन दारांपुढचा व्हरांडा जाळी लावून आत घ्यायचा मोह सर्वांनाच होतो. ती जागा सर्वांची आहे, आग लागली तर पळायची वाट आहे.

आता कागदांचं. भिंत गेली तरी करारनामे दोन, शेअर सर्टिफिकेटं दोन, वीज मीटर दोन. सोसायटीचे सेवाशुल्क सदनिकेमागे सारखं आकारलं जातं, त्यामुळे बिलंही दोन येत राहिली. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, हे दोनपण टिकलं तेच बरं.

बिल्डर नव्या इमारतीत 'जोडी फ्लॅट' विकत, त्यातही करार दोनच असत. त्यामागे कधी कराचा हिशेब असे. प्राप्तिकराच्या ८०आयबी (१०) कलमाची सवलत मिळवायची तर मुंबई आणि आसपासच्या प्रकल्पात एकेक घर १,००० चौरस फुटांच्या आत हवं होतं. मग कागदावर दोन छोटी, प्रत्यक्षात एक मोठं. २००९ मध्ये कायद्यात बदल झाला आणि अशा प्रकल्पात एकाच कुटुंबाला दोन घरं विकण्यावर बंधन आलं. असं घर दुसऱ्या हाताने घेणार असाल, तर मंजूर नकाशा मागून पाहा.

आमची खरी परीक्षा दिरांची बदली पुण्याला झाली तेव्हा लागली. त्यांना ३०२ विकायचं होतं. आधी दोन्ही मिळून विकून पाहावं म्हटलं, तर मिळालेला भाव दोन सुट्या घरांच्या बेरजेपेक्षा कमी! एजंटने सरळ सांगितलं, "मॅडम, या गल्लीत येणारा पहिलं घर शोधत येतो. मोठ्या घराचे पैसे असलेला लिफ्ट आणि पार्किंगवाल्या टॉवरमध्ये जातो." जिथे मोठी घरंच मिळत नाहीत, तिथे जोडलेल्या घराला जास्त भावही येतो. आमचा भाग तसा नव्हता. मग एकटं ३०२ घ्यायला एक गिऱ्हाईक आलं, पण त्यांच्या बँकेचा माणूस पाहणीला आला आणि दारातच थांबला. नकाशात भिंत आहे, इथे नाही. कर्ज अडलं.

आणि ३०१? ते अजून मरहूम सासऱ्यांच्याच नावावर. नॉमिनी माझे शौहर, आणि नॉमिनी म्हणजे मालक असं आम्ही धरून चाललो होतो. वकिलांनी चूक दाखवली: नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालक वारस. सासूबाईंचा आठवा हिस्सा. उरलेलं दोन मुलगे आणि एका मुलीत, मुलाला दोन तर मुलीला एक. चाळीस भाग केले तर सासूबाईंचे ५, मुलग्यांचे १४-१४, माझ्या नणंदेचे ७. ज्या घराची भिंत आणि ओटा आम्ही तोडला, त्यात तिचे ७ भाग होते, आणि तिला आम्ही विचारलंही नव्हतं. एका हितचिंतकांनी सल्ला दिला, "हक्कसोड करून घ्या, बहिणी कुठे मागतात?" माझे शौहर त्या दिवशी जेवले नाहीत.

भिंत पुन्हा बांधली. ३०१ मध्ये ओटा, नळ, सगळं नव्याने. तो खर्च दोघा भावांनी उचलला, बहिणीच्या हिश्शातून कापला नाही. ३०१ ची किंमत स्वयंपाकघरासह, पूर्ण घर म्हणून काढून घेतली आणि तो कागद घेऊन आम्ही महाडला तिच्याकडे गेलो. तिने आकडा दोनदा वाचला. म्हणाली, "तुम्ही भिंत पाडलीत तेव्हाच मला वाटलं होतं, माझा हिस्सा त्यात गेला." दहा वर्षं ती ईदला त्याच हॉलमध्ये येऊन बसत होती. मी खाली मान घालून चहा प्यायले. रक्कम तीन हप्त्यांत द्यायचं लेखी ठरलं. दोन दिले आहेत.

हे सगळं ऐकून सहकारी बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. मी विचारलं, "तुमचं आत्ताचं घर कोणाच्या नावावर आहे?"

"सासऱ्यांच्या. ते आता नाहीत."

"नणंदा किती?"

"दोन."

काल मधल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं, रविवारी इंजिनिअर भिंत बघायला येणार आहे. दोन्ही नणंदांनाही त्याच दिवशी जेवायला बोलावलं आहे.