तीन बाया, दोन दलित. पण दलित बाई एकही नाही



काळ्या रानाची आणि चोपण पट्ट्याची माती तपासायला देताना नमुने वेगळे द्या, असे आम्ही सांगत असतो. एकत्र केले तर अहवाल बरा येतो आणि चोपणातले पीक जळतच राहते. कार्यकारिणीची मोजदाद मात्र आपण एकत्रच करतो.

समजा, अकरा जणांत तीन बाया आणि दोन दलित आहेत. दोन्ही रकाने भरले. पण तिन्ही बाया सातबारा असलेल्या घरच्या आणि दोन्ही दलित पुरुष असतील, तर नांदेड-लातूरच्या रानात सोयाबीन काढणारी भूमिहीन दलित बाई त्यात कुठेच नाही. म्हणून ठरावात मालाचा भाव येतो, तिची मजुरी येत नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध काळ्या कामगार बायांनी दावा केला होता. कंपनीत बाया होत्या, पण गोऱ्या. काळे होते, पण पुरुष. १९७६ साली कोर्टाने त्यांची तक्रार वेगळी मानलीच नाही. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी हाच खटला पुढे ठेवून सांगितले : दोन अन्याय एकत्र येतात तिथला माणूस वेगळा मोजा.

आपल्याकडे १९८६ च्या चांदवड अधिवेशनाने बाईचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे लक्ष्मीमुक्तीने बायकोच्या नावे जमीन करून दिली. काम मोठेच. पण जिच्या घरी जमीनच नाही, तिला त्यातून काय मिळणार?

१९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश जागा बायांना दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. ग्रामपंचायतीला जे लागू आहे, ते आपल्या संघटनेला आणि संस्थांच्या विश्वस्त मंडळांना का नको?

"तशी बाई बैठकीला येत नाही," असे सांगितले जाते. येईल कशी? तिचा रोज बुडतो. बैठकीच्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे निधीतून द्या. बैठक सुगीत ठेवू नका.

आमची मागणी एवढीच : प्रत्येक तालुक्याने वही घालावी. नावापुढे स्त्री की पुरुष, जात, जमीन किती, बाई एकटी घर चालवते का, हे ज्याचे त्याला विचारून लिहावे. बँकेच्या खात्यावर सही कोणाची, हेही लिहावे. ही वही दरवर्षी जिल्हा बैठकीत सर्वांसमोर वाचावी. त्यात जी दिसत नाही, तिची जागा आधी भरावी.