रायफल ठीक, पण थांबायचं कुठे?

हॉस्टेलवर गेममधल्या स्नायपरवरून जेवढी भांडणं होतात, तेवढीच अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांत खऱ्या रायफलवरून होतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, ते बरंच!) तिथलं लाडकं काडतूस म्हणजे २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर. लांब, निमुळती १४३ ग्रेनची गोळी आणि आठ इंचांत एक पीळ देणारी नळी. जुन्या .३०८ पेक्षा खांद्याला धक्का कमी, वाऱ्यानं सरकतेही कमी. निवड उत्तमच.

पण जरा गणित करू. गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं सुटते, तरी ५०० मीटर गाठायला तिला साधारण ०.७ सेकंद लागतात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला जवळपास अर्धा मीटर ढकलतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा मात्र जेमतेम वीतभर! आणि तेवढ्यात हरणानं एक पाऊल टाकलं तर? गोळी पोटात. जनावर लगेच मरत नाही, तडफडत लांब जातं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ‘किती लांब मारते?’ हे विचारून रायफल घेऊच नये. एकाच लॉटची, आत शिरल्यावर पसरणारी गोळी घ्यावी आणि तिच्यावरच सराव करावा. दहापैकी दहा गोळ्या जिथून त्या वीतभर जागेत बसतात, तेच आपलं अंतर. मग ते २०० मीटर का असेना! कारण इथे पेपर आपला चुकतो, आणि केटी लागते हरणाला.